सूत्र पाठ आहे, पण बेरीज चुकते: आधी मधली संख्या शोधायला शिकवा

तुमची मुलगी दहावीत आहे, अंकगणिती श्रेढीच्या, म्हणजे सारख्याच फरकाने वाढत किंवा कमी होत जाणाऱ्या संख्यांच्या, बेरजेचं सूत्र तिला तोंडपाठ आहे, तरी '१०० ते ५०० च्या दरम्यान ६ ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज' तिने १९८०० काढली, असं तुम्ही लिहिलंय. उत्तर पाहूनच चूक कळते. पहिलं आणि शेवटचं पद, म्हणजे श्रेढीतली संख्या, तिने बरोबर घेतलं, फक्त पदं ६६ धरली. आहेत ६७.

परळला मी बावीस वर्षं शिकवणी घेते, आणि या धड्यात सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. पहिली संख्या १०२, शेवटची ४९८. वजाबाकी ३९६, तिला ६ ने भागलं की ६६. पण या झाल्या मधल्या उड्या! तिला विचारा, दादरहून धीम्या गाडीने अंधेरीला गेलो तर दोन्ही टोकं धरून स्टेशनं किती? बोटांवर मोजू दे: दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी. स्टेशनं आठ, मधली अंतरं सात. एकदा हे डोक्यात बसलं की 'अधिक १' कधी विसरत नाहीत.

आता बेरीज. १०२ आणि ४९८ मिळून ६००. पुढची जोडी १०८ आणि ४९२, पुन्हा ६००. एका बाजूने ६ वाढतात, दुसऱ्या बाजूने तेवढेच कमी होतात, म्हणून प्रत्येक जोडी सारखीच. याचा अर्थ सरासरी ३००. अशी ६७ पदं, म्हणजे ६७ × ३०० = २०१००.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त हीच रीत आहे. शेवटचं पद काढा, त्यात पहिलं मिळवून निम्मं करा, ते 'मध्यधन'. त्याला पदांच्या संख्येने गुणलं की 'सर्वधन'. मला 'मध्यधन' हा शब्द फार आवडतो, कारण सूत्राचा सगळा जीव त्या 'मध्य'मध्ये आहे. पुस्तकातल्या सूत्राच्या कंसात २ए + (एन − १)डी असतं ना (ए म्हणजे पहिलं पद, एन पदांची संख्या, डी दोन पदांमधला फरक), ते म्हणजे पहिलं पद अधिक शेवटचं पद, एवढंच. मुलांना हे कुणी सांगतच नाही, आणि मग ती अक्षरं घोकत बसतात.

पदांची संख्या सम असली की मुलं बिचकतात. समजा तिने पहिल्या आठवड्यात डब्यात २० रुपये टाकले आणि दर आठवड्याला ५ रुपये वाढवले. बावन्नाव्या आठवड्यात २० + ५१ × ५ = २७५ रुपये. मध्यधन (२० + २७५) ÷ २ = १४७.५०. "पण एकशे साडेसत्तेचाळीस असे मी कधी टाकलेच नाहीत!" असं ती म्हणेल. बरोबर आहे तिचं. ती फक्त सरासरी आहे, प्रत्यक्ष पद असायची गरज नाही. ५२ × १४७.५० = ७६७० रुपये.

पद दर वेळी कमी होत असेल तर डी ऋण घ्यायचा, बाकी सगळं तसंच. पेपरात मात्र सूत्र लिहूनच सोडवू दे, पायऱ्यांना गुण असतात. मध्यधनाने बाजूला ताळा करावा.

आज तिला ७ ने भाग जाणाऱ्या सगळ्या दोन अंकी संख्यांची बेरीज करायला द्या. ७२८ आलं पाहिजे. ६७२ आलं, तर पुन्हा दादरपासून स्टेशनं मोजायला लावा.