फोटोतल्या अनोळखी वस्तूचा आकार आणि अंतर कसं काढायचं?

संध्याकाळी मोबाईलवर काढलेल्या फोटोत इमारतीच्या वर एक काळपट, लांबट ठिपका दिसतोय. तो केवढा आणि किती दूर, असं तुम्ही विचारलंय. एका फोटोतून या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत, मिळतं फक्त त्यांचं गुणोत्तर. पण तेवढ्यानेही बऱ्याच शक्यता गळतात.

आधी मूळ फाइल घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत लहान झालेली असते, तिच्यातली एक्झिफ माहितीही (कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली लेन्स, शटर वगैरेंची माहिती) गेलेली असते. पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कापलेल्या फोटोवर पुढचं गणित चालत नाही.

एक्झिफमधून ३५ मिमी समतुल्य फोकल लेंग्थ घ्या, म्हणजे लेन्स किती रुंद दृश्य पकडते ते सांगणारा आकडा. फोटोचा कर्ण पिक्सेलमध्ये काढा, त्याला या फोकल लेंग्थने गुणा आणि ४३.३ ने (३५ मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण, मिलिमीटरमध्ये) भागा. ४००० × ३००० चा फोटो आणि २६ मिमी असेल तर ५००० × २६ ÷ ४३.३, म्हणजे सुमारे ३०००. ठिपका २५ पिक्सेल लांब असेल तर ३००० ÷ २५ = १२०. वस्तू स्वतःच्या लांबीच्या १२० पट दूर आहे. १ सेंटिमीटरचा किडा असेल तर सव्वा मीटरवर, ३० सेंटिमीटरचा ड्रोन ३६ मीटरवर, साडेसदतीस मीटर लांबीचं ए३२० विमान आडवं दिसत असेल तर साडेचार किलोमीटरवर. कडा पुसट असल्याने दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे होतातच, म्हणजे दहा टक्क्यांची चूक धरूनच चला.

डिजिटल झूम वापरला असेल तर एक्झिफवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्याच फोनने, त्याच झूमवर, १० मीटरवर धरलेल्या मीटरपट्टीचा फोटो काढा. वरच्या उदाहरणात ती ३०० पिक्सेल भरायला हवी. चंद्रावरून तपासणं टाळा. जास्त उजेडामुळे तो फोटोत फुगतो.

आता अंतर. वस्तू फांदीमागे किंवा ढगात गेली असेल तर ती किमान तेवढी दूर आहे. इमारतीसमोर दिसत असेल तर इमारतीच्या अलीकडे. पण सर्वात उपयोगी पडतो तो शटर स्पीड, म्हणजे फोटो काढताना शटर किती वेळ उघडं होतं ते, आणि नेमका तोच कुणी बघत नाही. ठिपका लांबट दिसतो म्हणून वस्तू लांबट असेलच असं नाही; शटर उघडं असताना ती सरकली तरी फोटोत ओरखडा उमटतो. शटर १/५० सेकंद आणि ओरखडा ६० पिक्सेलचा असेल, तर वरच्याच ३००० च्या हिशेबाने १ मीटरवरची वस्तू तेवढ्या वेळात २ सेंटिमीटर सरकली: सेकंदाला १ मीटर, किड्याचा वेग. तीच १ किलोमीटरवर मानली तर सेकंदाला १००० मीटर, म्हणजे आवाजाच्या जवळपास तिप्पट. इमारतीच्या कडाही तशाच ओढल्या गेल्या असतील तर फक्त हात हलला आहे.

अंतराचा अंदाज चुकला की वेगही चुकतो. अमेरिकी नौदलाच्या विमानाने टिपलेल्या ‘गोफास्ट’ व्हिडिओत एक अनोळखी वस्तू समुद्राला लागून सुसाट जाताना वाटते. व्हिडिओच्या पडद्यावर दिसणारे अंतराचे आणि कोनांचे आकडे वापरून नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये हिशेब केला, तर ती सुमारे १३,००० फूट उंचीवर होती आणि वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. बाकी भास टिपणाऱ्या विमानाच्या स्वतःच्या वेगाचा.

खात्रीचं अंतर हवं असेल तर त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणाहून काढलेला फोटो शोधा. दोन जागा वस्तूच्या दिशेला काटकोनात २०० मीटर अंतरावर असतील, आणि खूप दूरच्या डोंगराच्या तुलनेत वस्तू १५० पिक्सेल सरकलेली दिसली, तर अंतर २०० × ३००० ÷ १५०, म्हणजे ४ किलोमीटर.