टप कापलेल्या डुक्कर फियाटला मार्क किती द्यायचे?

प्रश्न : नमस्कार सर, मी नाशिकहून लिहितोय, गंगापूर रोडला राहतो. आमचा जुन्या गाड्यावाल्यांचा छोटासा ग्रुप आहे, थंडीत एका रविवारी डोंगरे मैदानावर सगळे गाड्या आणून लावतो. यंदा स्टायलिंगचे मार्क द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि एका गाडीवरून आत्तापासूनच भांडणं सुरू झालीत. डुक्कर फियाट आहे, म्हणजे जुनी फियाट ११००, मालकाच्या आजोबांची. त्याने टप तीन इंच खाली घेतलाय, दारांचे हँडल काढून जागा बुजवलीय, नाकावरची जाळी काढून सपाट काळी जाळी बसवलीय, सतरा इंची अलॉय चाकं टाकलीत आणि वर चेरीसारखा लाल रंग. जुने मेंबर म्हणतात वाटोळं केलं, शून्य द्या. पोरं म्हणतात पहिला नंबर हिचाच. मी नेमकं काय बघून मार्क देऊ?

उत्तर : आधी एक गोष्ट आयोजकांकडून पक्की करून घ्या, ही गाडी रिस्टोअर केलेल्या गाड्यांच्या रांगेत उभी करू नका. रिस्टोअर केलेल्या गाडीला आपण विचारतो की कारखान्यातून निघाली तेव्हा तू अशीच होतीस का. कस्टम गाडीला विचारायचं की जे बदललं त्याने तू जास्त देखणी झालीस का. टप कापला म्हणून शून्य द्यायचं असेल तर मग परीक्षक कशाला हवा, टेप घेऊन कोणीही मोजेल!

आता टपाचंच घ्या, कारण सगळा खेळ तिथे आहे. अमेरिकेत १९५२ मध्ये गाड्यांचं रूप बदलणाऱ्या बॅरिस बंधूंनी बॉब हिरोहाटा या गिऱ्हाइकासाठी १९५१ ची मर्क्युरी गाडी बनवली, ती आजही या कामाचा मापदंड मानतात. त्यांनी टप पुढे चार इंच आणि मागे सात इंच खाली घेतला. सगळीकडून सारखा कापला असता तर गाडीवर दाबलेला डबा ठेवल्यासारखं दिसलं असतं, मागे जास्त उतरवल्यामुळे टपाची रेषा वाहत जाऊन डिकीत मिसळते. मधला दाराचा खांबही काढला, म्हणजे काचा खाली केल्या की बाजूची रेषा कुठे तुटतच नाही. तर तुमच्या फियाटजवळ गेल्यावर तीन इंच हा आकडा विसरा आणि वीस-पंचवीस पावलं लांब, मागच्या कोपऱ्याच्या बाजूला उभे राहा. टप कुठे संपतो आणि डिकी कुठे सुरू होते तिथे नजर अडखळते का? काचांची उंची खालच्या पत्र्याच्या मानाने फटीएवढीच उरलीय का? फियाट ही मर्क्युरीपेक्षा खूप छोटी आणि उभट गाडी, तिच्यात तीन इंच म्हणजे पुष्कळ झाले. मी असतो तर अर्धे मार्क या एकाच गोष्टीला ठेवले असते.

हँडल काढले ते मला पटतं, पण मग बाजूचा पत्रा तेवढा स्वच्छ हवा. दुपारच्या उन्हात बघू नका, सगळंच चमकतं, साडेपाचनंतर तिरपा उजेड येतो तेव्हा गाडीच्या टोकाला उकिडवं बसून पत्र्यावर पडलेलं झाडांचं प्रतिबिंब बघा. ते हँडलच्या जागी वाकडं झालं की समजायचं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून उरकलंय. काही जण रुमालात चुंबक गुंडाळून फिरवतात, लांबीचा थर जाड असेल तिथे तो धरत नाही. पण अमेरिकेतले जुने कारागीर शिसं वितळवून भरायचे, तिकडे अशा कस्टम गाड्यांना लेड स्लेड म्हणतात ते नावच त्यावरून (लेड म्हणजे शिसं) पडलंय, आणि शिशालाही चुंबक चिकटत नाही, म्हणून एवढ्यावरून कारागिराला नापास करू नका. त्यापेक्षा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेसशॉपमध्ये, पत्र्याला आकार देण्यात आयुष्य काढलेला एखादा रिटायर्ड माणूस सोबत घ्या, पत्र्यावरून नुसता तळवा फिरवून लहर कुठे आहे ते तो सांगेल.

चाकांबद्दल माझं मत सरळ विरोधात आहे. या फियाटला चौदा इंची चाकं होती आणि तिचा गोलसर मडगार्ड त्या चाकासाठीच ओढलेला आहे. सतरा इंची टाकलं की चाक मोठं आणि अंग आक्रसल्यासारखं दिसतं, त्यात टप कमी केलेला. गाडी खाली बसलेली दाखवायची होती तर चौदाचंच चाक ठेवून, साधी क्रोम टोपी लावून सस्पेन्शन उतरवता आलं असतं, म्हणून इथे मार्क कापा आणि बिनधास्त कापा.

पण माझा खरा जीव अडकलाय तो त्या जाळीत. आपल्याकडे या गाडीला डुक्कर हे नाव लोकांनी दिलं ते तिच्या पुढे आलेल्या नाकावरून, तेवढ्यावरून ती गल्लीच्या टोकाला असतानाच ओळखू यायची. कस्टम करताना काय काढायचं हे ठरवण्याइतकंच काय ठेवायचं हेही ठरवावं लागतं, हिरोहाटाच्या गाडीत हेडलाइट आत घेतले, बाजूला ब्युइक गाडीची पट्टी बसवून तिच्या रेषेवर दोन हिरव्या छटा वेगळ्या केल्या, तरी ती मर्क्युरीच आहे हे कळतं. इथे सपाट काळी जाळी लावल्यावर पुढून बघणाऱ्याला ही कुठली गाडी हेच कळणार नसेल, तर टपापेक्षा मोठी चूक ही आहे. लाल रंगाला शेवटी बघा, आणि थोडेच मार्क ठेवा. पहिल्यांदा परीक्षक झालो तेव्हा मी रंगाला भुललो होतो, शेजारी फार सुंदर बेताची अ‍ॅम्बॅसॅडर उभी होती तिला दुसरा नंबर दिला, ते मला अजून खातं.

मालकाशी दोन गोष्टी जरूर बोला, मार्कांशी त्यांचा संबंध नाही. मर्क्युरीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, होती, या फियाटला नाही, बॉडीच सगळा भार घेते, तेव्हा टप कापून जोडताना खांब आतून मजबूत केलेत का ते विचारा. दुसरं कागदाचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी, बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर त्यात बसत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. पेठ रोडच्या आरटीओत त्याने हे विचारलंय का बघा, मैदानावर उभी करणं वेगळं आणि रस्त्यावर चालवणं वेगळं.

आणि काचांचं विचारायला विसरू नका. टफन्ड काच कापता येत नाही, चुरा होतो, म्हणजे त्याने पुढची-मागची काच कुठून तरी करून आणली असणार किंवा काचेला हात न लावता टपाचा उतार बदलला असणार. उत्तर देताना तो किती वेळ आणि किती आनंदाने बोलतो त्यावरून कळेल की डोक्यात चित्र पक्कं होतं की कापत कापत ठरवलं. मला विचाराल तर शून्यही नको आणि पहिला नंबरही नको, टप जमला असेल तर वरच्या तिघांत घ्या. निकाल लागल्यावर त्याला बाजूला घेऊन जाळीचे मार्क का गेले ते सांगा, आजोबांच्या गाडीचं जुनं नाक माळ्यावर कुठे पडलंय का तेही विचारा, असेल तर पुढच्या थंडीपर्यंत परत बसवता येईल.