वाचकांचे प्रश्न : एपी परीक्षा द्यावी का, आणि किती?

प्रश्न : मुलगी राज्य मंडळाच्या अकरावी सायन्सला, खासगी कॉलेजात आहे. अमेरिकेत इंजिनीअरिंग शिकायचं म्हणते. सल्लागारांनी बारावीपर्यंत पाच ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट (एपी) परीक्षा द्यायला सांगितलंय. कॉलेजात एपी शिकवत नाहीत. काय करावं?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : पाच नकोत. दोन पुरेत, आणि त्याही अकरावी संपल्यावरच्या मे महिन्यात. अमेरिकेचे अर्ज बारावीच्या वर्षात नोव्हेंबर ते जानेवारीत जातात. एपी म्हणजे अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची, शाळेत असतानाच द्यायची कॉलेज-पातळीची परीक्षा. ती वर्षातून एकदाच, मेमध्ये होते आणि निकाल जुलैत 1 ते 5 अशा गुणांत लागतो. म्हणजे बारावीनंतर दिलेली परीक्षा प्रवेशाला उपयोगी नाही, फार तर पुढे क्रेडिट (कॉलेजात तो विषय केल्याची नोंद) मिळेल. शिवाय तेव्हा सीईटी आणि जेईईची धांदल असतेच.

विषय कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी मेकॅनिक्स घ्या. कॉलेजात एपीचा वर्ग नसला तरी परीक्षेला बसता येतं. अडचण वेगळी आहे : अकरावीत लिमिट आणि डेरिव्हेटिव्हची ओळख होते, इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन बारावीत येतात. फिजिक्समधलं रोटेशन आणि ऑसिलेशनही बारावीचंच. तेवढं जानेवारीअखेर घरी पुढे काढावं लागेल. त्यात ‘इन्फिनिट सीरीज’ला बीसीत 17 ते 18 टक्के वजन आहे, आणि आपल्याकडे अनंत जीपीच्या बेरजेपलीकडे हा भाग नाहीच. टेलर सीरीज, कन्व्हर्जन्सच्या टेस्ट, पोलर क्षेत्रफळ, ऑयलरची रीत हे सगळं कोऱ्या पाटीवरून. जानेवारीत इंटिग्रेशनच हाताला बसलं नसेल तर बीसीचा हट्ट सोडून एबी (कॅल्क्युलसचाच कमी भागाचा पेपर) द्या. बीसीच्या निकालात एबीचा वेगळा उपगुण मिळतो खरा, पण त्या भरवशावर बीसीला बसवू नका.

कॅल्क्युलसचा पेपर सव्वातीन तासांचा. 45 बहुपर्यायी प्रश्नांना पावणेदोन तास, 6 लेखी प्रश्नांना दीड तास, दोन्हींना निम्मे-निम्मे गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. आपली मुलं इंटिग्रेशन बाय पार्ट्स सफाईने करतात आणि गुण घालवतात लेखी भागात. कारण लिहा म्हटलं की चिन्हांचा तक्ता काढून सोडतात. तेवढ्याला गुण नाहीत. ‘डेरिव्हेटिव्ह इथे धनातून ऋणात जातं, म्हणून हा मॅक्झिमम’ असं वाक्य लागतं. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये व्हेरिएबल वेगळे न करता पुढे गेलं तर पुढचं बरोबर असूनही शून्य. दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत हवं, कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये हवा. मागील वर्षांचे लेखी प्रश्न गुणदान-पत्रिकेसह कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. महागड्या क्लासआधी ते सोडवा, आणि पत्रिका समोर ठेवून आईवडिलांपैकी कुणीतरी तपासा. गणित येत नसलं तरी ‘कारण लिहिलंय का’ हे दिसतं.

2025पासून बहुपर्यायी भाग कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर असतो. लेखी प्रश्नही पडद्यावरच दिसतात, उत्तरं मात्र कागदी वहीत. ॲपमध्ये डेसमॉस कॅल्क्युलेटर आहे, त्यामुळे ग्राफिंग कॅल्क्युलेटर विकत घ्यायची गरज नाही. पण डेसमॉसचा सराव हवा.

केंद्रासाठी मुंबई-पुण्याकडे बघावं लागेल. बाहेरचे विद्यार्थी घेणारी शाळा सप्टेंबरातच फोन करून शोधा. नोंदणीची नेहमीची मुदत नोव्हेंबरात संपते, नंतर जादा आकार. एका विषयाला दहा हजारांच्या वर खर्च धरा. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. सकाळचा पेपर आठला सुरू होतो. तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला पोचते, पण कोकण रेल्वेच्या वेळेवर पेपर टांगू नका, आदल्या दिवशी मुक्कामाला जा. तिकीट 60 दिवस आधी खुलं होतं. जाताना कदाचित मिळेलही. परतीला चाकरमान्यांची मेची गर्दी असते, तेव्हा परतीचं आधी काढा.

प्रश्न : अमेरिकेतल्याच नामांकित खासगी शाळांनी एपी बंद केलं म्हणे. मग आपण का धावायचं?
– शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : 2018मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खासगी शाळांनी 2022पर्यंत एपी अभ्यासक्रम काढून टाकण्याचं जाहीर केलं, हे खरं. पण त्या शाळांचा दर्जा प्रवेश अधिकारी वर्षानुवर्षं ओळखून आहेत. रत्नागिरीतल्या खासगी कॉलेजचे 92 टक्के त्यांना काय सांगणार? तिथे बाहेरच्या परीक्षेचा 5 वजनदार ठरतो. क्रेडिटचं मात्र सगळीकडे सारखं नाही. एमआयटी बीसीतल्या 5ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, कॅलटेक देत नाही, कॅलिफोर्निया विद्यापीठ 3लाही देतं. विद्यापीठांची यादी आधी करा, विषय नंतर ठरवा. 4 किंवा 5 येण्याची खात्री नसेल तर तो वेळ बारावीच्या टक्क्यांना द्या. ते सगळ्यांनाच पाहायचे असतात.

प्रश्न : मी मालवणला अकरावी कॉमर्सला आहे. बीकॉम मुंबईतच करणार. प्रोफाइलसाठी मायक्रोइकॉनॉमिक्सची एपी देऊ?

उत्तर : नको. मुंबईतल्या बीकॉमच्या प्रवेशात एपीच्या गुणांना रकानाच नाही. सीए व्हायचं मनात असेल तर हेच पैसे आणि मे महिना फाउंडेशनच्या तयारीला लावा.