टेम्परेचरचा काटाच नाही, मग घरी करूया का? (वाचकांचे गाडीविषयी प्रश्न)

प्रश्न : नमस्कार दादा. माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक हाय. टेम्परेचरचा काटाच नाही तिला, नुसती निळी आणि लाल लाईट. मागच्या महिन्यात साखरप्याकडनं आंबा घाट चढताना लाल लाईट लागली, कधीपासनं तापत होती काय कळलंच नाही, टोचन करून मलकापुरात आणली. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा झालाय, सोल्डरिंग येतं. ओबीडी पोर्टातनं (गाडीतला तपासणीचा १६ पिनचा सॉकेट) डेटा घेऊन डॅशवर एक गोल डिस्प्ले लावायचाय, त्यात कूलंट, आरपीएम, बॅटरी व्होल्टेज, ऑइल प्रेशर आणि अ‍ॅव्हरेज असं सगळं. कुठनं सुरुवात करू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावा, सुरुवात त्या यादीतनं ऑइल प्रेशर खोडण्यापासनं कर. छोट्या गाड्यांना बहुतेक प्रेशरचा सेन्सरच नसतो, नुसता स्विच असतो, प्रेशर आहे किंवा नाही एवढंच तो सांगतो. आकडाच नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तुला देणार कुठनं? हवाच असेल तर इंजिनाला वेगळा सेन्सर बसवायला लागतो, ते काम सोल्डरिंगचं नाही, मिस्त्रीचं आहे.

आता स्क्रीन विकत घ्यायच्या आधी एक काम. ओबीडी पोर्टात खुपसायचा साधा ब्लूटूथवाला ईएलएम३२७ अ‍ॅडाप्टर घे, मोबाईलवर एखादं फुकटचं अ‍ॅप टाक आणि आठवडाभर गाडी तशीच फिरव. तुझी गाडी नेमकं काय काय सांगते ते आधी कळू दे. बीएस४ गाड्यांना आपल्याकडं एप्रिल २०१३ पासनं ओबीडी २ सक्तीचं झालं, त्यामुळं तुझी गाडी बीएस४ असेल तर पोर्ट नक्की आहे, पण कुठला आकडा मिळतो ते गाडीगणिक बदलतं. लोकं आधी हजार रुपयांचा डिस्प्ले आणतात, दोन रविवार कोड लिहितात आणि मग कळतं की जे दाखवायचंय ते गाडी सांगतच नाही.

भाषा सोपी आहे. प्रत्येक आकड्याला एक नंबर असतो, त्याला पीआयडी म्हणतात. कूलंटचा ०५, आरपीएमचा ०सी, स्पीडचा ०डी. तू ‘०१ ०५’ पाठवलंस की उत्तर येतं ‘४१ ०५ ८२’. आता ८२ दिसलं म्हणून ८२ डिग्री समजू नको, ते हेक्स आहे, दहाऐवजी सोळाच्या हिशोबातलं, ८ गुणिले १६ अधिक २ म्हणजे १३०, त्यातनं ४० वजा, ९० डिग्री. आरपीएमला दोन बाइट येतात. समज ‘१ए एफ८’ आलं, म्हणजे ६९०४, भागिले ४, झाले १७२६. व्होल्टेजचा नंबर ४२, त्याला हजारानं भागायचं. अ‍ॅडाप्टरनं विचारत बसलास तर सेकंदाला मोजकीच उत्तरं येतात, म्हणून आरपीएम सारखा विचार आणि कूलंट दोन सेकंदातनं एकदा, पाणी काय एका सेकंदात तापत नाही.

कायमचं बसवायचं असेल तर अ‍ॅडाप्टर काढून ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड लाव, कॅन (गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवर बोलतात ती लाईन) चा कंट्रोलर त्यात आतच असतो, फक्त एसएन६५एचव्हीडी२३० चा छोटा ट्रान्सीव्हर बोर्ड (त्या लाईनीशी सिग्नल जुळवणारा) लागतो. पोर्टात ६ नंबरची पिन म्हणजे ‘कॅन हाय’ वायर, १४ नंबर म्हणजे ‘कॅन लो’. पण त्या बोर्डावर १२० ओहमचा रेझिस्टर असतो, तो काढ. गाडीच्या लाईनीला दोन्ही टोकांना १२० चे दोन आधीच असतात, बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये मीटर लावलास तर ६० ओहम दिसायला पायजे. तुझा तिसरा जोडलास की ४० होतो, आणि मग कधी चालतंय, कधी बंद, कधी डॅशवर भलतीच लाईट. असला इस्कोट मी दोन गाड्यांत बघितलाय, आणि दोन्ही वेळा पोरं कोडातच चूक शोधत बसलेली.

आता पॉवर. सगळ्यात जास्त माती इथंच होते, माझीपण झालीय. पोर्टाच्या १६ नंबर पिनला बॅटरी कायम असते, चावी काढली तरी. मी तिथनंच पॉवर घेतली, डिस्प्ले झकास चालला, आणि मग दहा दिवस पुण्याला गेलो. आल्यावर सेल मारला तर नुसतं टकटक. हिशोब नंतर केला, म्हणजे आधी करायला पायजे होता : बोर्ड आणि स्क्रीन मिळून १२ व्होल्टाकडनं साधारण ८० मिलिअँप खात होते, दिवसाला जवळजवळ २ अँपअवर, आणि बॅटरी ३५ ची. पूर्ण रिकामी व्हायच्या लै आधी स्टार्टरची ताकद जाते.

म्हणून पोर्टातनं फक्त कॅनच्या दोन वायरी घे. पॉवर फ्यूजबॉक्समधनं, चावी फिरवल्यावरच करंट येतो अशा जागी फ्यूज टॅप लावून, १ अँपचा फ्यूज टाकून. अर्थ चेसिसला. ५ व्होल्ट करायला ७८०५ (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा रेग्युलेटर) वापरू नको, इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्ट असतात, ९ व्होल्ट गुणिले दीडशे मिलिअँप म्हणजे सव्वा वॅटच्या वर नुसती उष्णता, एप्रिलात डॅशच्या आत ते कुठं जाणार? चांगल्या कंपनीचा मोबाईलचा कार चार्जर उघडून आतलं सर्किट वापर, ते गाडीचे झटके सोसायलाच केलेलं असतं.

तुझ्या मूळ दुखण्यावर येतो. थर्मोस्टॅट उघडल्यावर बहुतेक गाड्या ८५ ते ९५ मध्ये राहतात, ट्रॅफिकमध्ये फॅन लागेपर्यंत थोडं वर जातं. पण दुसऱ्याचा आकडा घेऊ नको, एकदा गगनबावड्याचा घाट चढ, एकदा दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळच्या गर्दीत थांब, दोन्हीकडं वरचा आकडा लिहून ठेव आणि त्याच्या ८-१० डिग्री वर बझर लाव. आणि एक, पाणी सगळं गळून गेलं तर सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि आकडा उलट कमी पण दाखवू शकतो. म्हणून आकडा अचानक खाली पडला तरी बझर वाजला पायजे. हे कोडात दोन ओळींचं काम आहे पण कोणी करत नाही. आणि मलकापूरचा प्रकार झाल्यावर रेडिएटरचं कॅप, होज आणि फॅन बघितलास का? ते न बघता डिस्प्ले लावणार असशील तर तापताना नुसती बघत बसशील.

अ‍ॅव्हरेजचं थोडक्यात. तुझ्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर सोपं : ग्रॅम प्रति सेकंद गुणिले ०.३३ म्हणजे तासाला किती लिटर पेट्रोल. ताशी ६० ला ८ ग्रॅम असेल तर २.६५ लिटर, म्हणजे लिटरला साडेबावीस. पण बऱ्याच छोट्या गाड्यांत तो नसतो, मॅनिफोल्ड प्रेशरवरनं (इंजिनात हवा जाते त्या नळीतला दाब) अंदाज काढायला लागतो. मग टाकी फुल टू फुल करून दोन-तीन वेळा फॅक्टर जुळव.

प्रश्न : माझ्या टर्बो डिझेलला बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या जादा दाबाचा, डिजिटल गेज केलाय. मॅनिफोल्ड प्रेशरमधनं १०१ वजा करतो. पण चावी ऑन, इंजिन बंद असताना कोल्हापुरात मायनस ६ दाखवतंय, आणि पन्हाळ्यावर गेलो तर मायनस ११. सेन्सर गेला काय?
– एक वाचक, शिये

उत्तर : सेन्सर ठणठणीत आहे हो, तुमचा १०१ चुकलाय. तो समुद्राच्या पातळीवरचा हवेचा दाब, किलोपास्कलमध्ये. कोल्हापूर साधारण ५७० मीटरवर, इथं ९५ च्या आसपास असतो. पन्हाळा त्याच्याही ४०० मीटर वर, तिथं ९०. म्हणजे तुमचा गेज नकळत उंची मोजतोय, एका अर्थानं लै भारी काम झालंय! १०१ काढून तिथं पीआयडी ३३ चा आकडा टाका, तो आजूबाजूच्या हवेचा दाब देतो. गाडी तो देत नसेल तर चावी ऑन केल्यावर, सेल मारायच्या आधी, मॅनिफोल्डचा आकडा वाचून तोच शून्य धरा. आणि पीआयडी ०बी एकाच बाइटचा आहे, २५५ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळं १६० च्या आसपास (२५५ वजा ९५) आकडा अडकला तर टर्बोला दोष देऊ नका.

प्रश्न : २००७ ची गाडी आहे, १६ पिनचा पोर्ट आहे पण ईएसपी३२ ला काहीच येत नाही.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ६ आणि १४ नंबरच्या खाचेत धातूची पिन आहे का बघा. नसेल आणि ७ नंबरला असेल तर गाडी के-लाईनवर, म्हणजे कॅनच्या आधीच्या एका वायरीवर, बोलते, तिथं कॅनचा बोर्ड बहिराच राहणार. ईएलएम३२७ ला ती भाषा पण येते, तोच वापरा. वेग कमी मिळेल, पण कूलंट आणि व्होल्टेजला पुरतो.

प्रश्न : गोल डिस्प्लेचं थ्रीडी प्रिंट केलेलं केसिंग उन्हात वाकडं झालं. दुसऱ्यांदा केलं, तेपण वाकलं.
– एक वाचक, कागल

उत्तर : पीएलए या प्लॅस्टिकमध्ये प्रिंट केलं असणार. ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं आणि काचा बंद गाडीत डॅशवर उन्हाळ्यात तेवढं सहज होतं. एएसए किंवा एबीएस या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये करून घ्या. नाहीतर मी म्हणतो कोल्हापुरात राहून प्लॅस्टिकच्या नादाला लागायचंच कशाला, उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडं अ‍ॅल्युमिनियमची रिंग टर्न करून घ्या. जाताना डिस्प्ले सोबत न्या, नुसतं माप सांगू नका. आणि बसवताना आतनं फिश पेपर (करंट न जाणारा जाड कागद) लावा, नाहीतर बोर्डाच्या मागचं सोल्डर अ‍ॅल्युमिनियमला टेकतंय आणि पुढच्या अंकात तुमचा दुसरा प्रश्न येतोय.