लहान धावपट्टीवरच्या हँगरची (विमान ठेवायच्या शेडची) सुरक्षा कमी खर्चात कशी वाढवता येईल?

कॅमेऱ्यांवर पैसे घालण्याआधी रात्री हँगरभोवती एक चक्कर मारून या. मागचा छोटा दरवाजा नुसत्या कडीवर असतो, कुंपणाला टेकून शिडी उभी असते आणि गेटचा कोड कीपॅडच्या चार झिजलेल्या बटणांवरूनच कळतो. आधी हे निस्तरा. कोणी काम सोडलं की त्याच दिवशी कोड बदला.

बऱ्याच लहान विमानांची कुलपं नावापुरतीच असतात. म्हणून थ्रॉटल लॉक (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा अडकवणारं कुलूप) लावा किंवा पंख्याला (प्रोपेलरला) साखळी-कुलूप घाला, आणि किल्ली विमानात ठेवू नका. ("हँगरात तर आहे, मग कशाला?" हे मी फार ऐकलंय.) साखळीला लाल फीत बांधा, म्हणजे इंजिन सुरू करण्याआधी ती नजरेतून सुटणार नाही.

खरी डोकेदुखी आतल्या माणसाची. २०१८ मध्ये सिएटलच्या विमानतळावरून ग्राउंड स्टाफमधल्याच एकाने क्यू४०० हे प्रवासी विमान एकट्याने उडवून नेलं आणि ते कोसळलं. त्याचं ओळखपत्र खरं होतं, तिथे कुंपण काय करणार? रात्री विमानापाशी जायचं तर दोघांनी मिळून, हा नियम ठेवा. आणि अनोळखी चेहरा दिसला की "कोणाकडे आलात?" एवढं सफाई कामगारानेही विचारावं.