दहा वॉटचा रिग, चार ८०७, एक ८१३ आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर: यातून घरी लिनियर होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅम रेडिओचं जनरल ग्रेडचं लायसन्स आहे, हातात स्वतः बनवलेला दहा वॉटचा एसएसबी रिग (बोलायचा रेडिओ संच) आहे, जुन्या बाजारात चार ८०७ आणि एक ८१३ हे व्हॉल्व्ह मिळाले, आणि भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून ठेवलाय. यातून व्हॉल्व्हचा लिनियर, म्हणजे रिगची पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर, बनवावा का, आणि बनवला तर टिकवायचा कसा?

दोन ८०७ वापरून जरूर बनवा. उरलेले दोन स्पेअर म्हणून ठेवा, ८१३ सध्या कपाटात राहू द्या. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मात्र या कामातून बाद.

लिनियर बनवायला निघालेला प्रत्येक जण आधी व्हॉल्व्ह शोधतो आणि मग त्याला जुळणारा ट्रान्सफॉर्मर. खरं तर उलटं करायला हवं. लिनियर म्हणजे मुळात एक पॉवर सप्लाय, व्हॉल्व्ह त्याच्या टोकाला बसतो. व्हॉल्व्ह खोबणीतून काढून पाच मिनिटांत बदलता येतो. सप्लाय चुकला तर आधी व्हॉल्व्ह जातात आणि कधीकधी माणूसही.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट एसी देतो. रेक्टिफाय करून कपॅसिटरवर घेतलं की ते २८०० व्होल्ट डीसी होतात. ८०७ च्या प्लेटची (हाय व्होल्टेज लागतं त्या इलेक्ट्रोडची) कमाल मर्यादा थांबूनथांबून वापरातसुद्धा ७५० व्होल्ट, आणि ८१३ ची सव्वादोन हजारांच्या आसपास. म्हणजे तुमच्याकडच्या एकाही व्हॉल्व्हला तो चालत नाही. त्याच्या सेकंडरीचं एक टोक थेट कोअरला जोडलेलं असतं, त्यामुळे नेहमीचा ब्रिज रेक्टिफायर लावता येत नाही. कोअरही इतका काटकसरीने बनवलेला असतो की लोड नसतानाही तो गुरगुरतो आणि तापतो. सगळ्यात वाईट म्हणजे हाताला लागला तर तो काहीशे मिलिअॅम्पिअर बिनबोभाट देतो, घरातला फ्यूज उडतही नाही. यूट्यूबवर लोक त्यातून ठिणग्या काढतात म्हणून तो खेळण्यातला होत नाही.

त्याऐवजी ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या. स्टॅबिलायझर बनवणारा कुठलाही चांगला वाइंडर हे काम करतो. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळ किंवा तपकीर गल्लीत चौकशी करा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. त्याला हे लिहून द्या: प्रायमरी २३० व्होल्ट, सेकंडरी ५०० व्होल्ट ३०० मिलिअॅम्पिअर, हीटरसाठी ६.३ व्होल्ट ३ अॅम्पिअर, बायससाठी (ग्रिडला द्यायच्या उणे व्होल्टेजसाठी) ६० व्होल्ट १०० मिलिअॅम्पिअर. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये इन्सुलेशनचे थर नीट द्यायला सांगा आणि वाइंडिंगला वॉर्निश करून घ्या. तो दोनदा विचारेल की एवढे व्होल्ट कशाला. सांगा.

५०० व्होल्टच का? ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर बिनलोडचे ७०७ होतात, आणि बोलताना ते ६४० च्या आसपास उतरतात. आपल्याकडे रात्री दहानंतर मेन्स २५० ला जाणं नेहमीचंच, तेव्हा बिनलोडचे ७६९ होतात, ७५० च्या मर्यादेच्या जरासेच वर. ५५० ची सेकंडरी घेतली असती तर हाच आकडा ८४५ झाला असता.

फिल्टरला ३३० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे तीन इलेक्ट्रोलिटिक सिरीजमध्ये लावा. कागदावर दोन पुरतात, पण मी तीनच लावतो. प्रत्येकाला समांतर ४७ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर हवाच. तो व्होल्टेज सारखं वाटतो आणि बंद केल्यावर कपॅसिटर रिकामेही करतो. या मांडणीत साधारण ३० ज्यूल साठतात आणि पाऊण मिनिटात व्होल्टेज ५० च्या खाली येतं. त्यातला एखादा रेझिस्टर उघडा पडला तर मात्र त्याच्या समांतरचा कपॅसिटर भरलेलाच राहतो. म्हणून पीव्हीसी पाइपच्या टोकाला तांब्याचा हूक, त्याला जाड वायर आणि वायरचं दुसरं टोक चेसिसला, अशी काठी पहिल्या दिवशीच बनवा. झाकण काढलं की मेन्सचा प्लग भिंतीतून काढायचा, एक मिनिट थांबायचं, मीटर बघायचा, मग काठी लावायची. स्विच बंद केला म्हणजे प्लग काढला असं नाही. आपल्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे असणं अगदीच शक्य असतं. आणि ८०७ ची प्लेट वर, डोक्यावरच्या टोपीत असते. सातशे व्होल्ट उघड्यावर. त्यावर जाळीचं झाकण नसेल तर लिनियर सुरूच करू नका.

आता स्क्रीन ग्रिड, म्हणजे ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी. टेट्रोडचे (८०७ सारख्या चार इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हचे) सगळ्यात जास्त मृत्यू इथे होतात. ८०७ ला एबी-वन क्लासमध्ये (ग्रिडमधून करंट न वाहू देता) स्क्रीनवर ३०० व्होल्ट स्थिर लागतात. जुनी पण उत्तम युक्ती म्हणजे दोन ओए२, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे गॅसचे व्हॉल्व्ह, सिरीजमध्ये. प्रत्येकी १५० व्होल्ट धरतात, जांभळा प्रकाश देतात, आणि प्रकाश विझला की काहीतरी बिघडलंय हे लांबून कळतं. मुख्य सप्लायमधून १८ किलोओहम २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घेऊन त्यांना द्या. असं केलं की प्लेट सप्लाय गेला तर स्क्रीनचाही जातो, ते हवंच आहे. प्लेटला व्होल्टेज नाही आणि स्क्रीनला आहे अशा वेळी सगळे इलेक्ट्रॉन स्क्रीनवर जातात, आणि ती बारीक तारांची जाळी काही सेकंदांत लाल होऊन वाकते. टोपीची क्लिप सैल असली तरी हेच होतं, आणि तिथे ही युक्ती वाचवत नाही. क्लिपा घट्ट हव्यात.

तुमचा दहा वॉट ड्राइव्ह (रिगकडून लिनियरला मिळणारी पॉवर) इथे इतका छान जुळतो की म्हणूनच मी ८०७ म्हणालो. ३०० व्होल्ट स्क्रीनला ग्रिड बायस उणे ३० ते ३५ व्होल्ट लागतो. ५० ओहमच्या रेझिस्टरमध्ये दहा वॉट सोडले की त्यावर सुमारे ३२ व्होल्टचा पीक मिळतो. म्हणजे ट्यून्ड सर्किट नको, ट्रान्सफॉर्मर नको, ग्रिडपासून जमिनीला ५० ओहम लावले की झालं. ४७० ओहम २ वॉटचे दहा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा: ४७ ओहम, २० वॉट. वायरवाउंड इथे चालत नाही, तो कॉइलसारखा वागतो. इतका कमी ओहम ग्रिडवर असल्यामुळे न्यूट्रलायझेशनचीही (ऑसिलेशन रोखणाऱ्या जोडणीची) गरज राहत नाही. बायसला पोटेन्शिओमीटर ठेवा आणि बोलत नसताना दोन्ही व्हॉल्व्हचा मिळून करंट ५० मिलिअॅम्पिअरवर लावा. हा करंट कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर लावून मोजा, म्हणजे मीटरवर हाय व्होल्टेज येत नाही. रिसीव्हमध्ये रिलेने बायस उणे ७० च्या पुढे न्या, व्हॉल्व्ह पूर्ण बंद राहतात.

८०७ चा एक अवगुण ऐकून ठेवा. तो मूळचा ६एल६ चा भाऊ, भरपूर गेनवाला, आणि व्हीएचएफवर आपल्याच मनाने ऑसिलेट करायला एका पायावर तयार असतो. प्रत्येक प्लेटच्या टोपीजवळ ४७ ओहम २ वॉटचा कार्बन रेझिस्टर आणि त्याच्यावरच गुंडाळलेले जाड तारेचे चार-पाच वेढे, प्रत्येक ग्रिडच्या पिनला २२ ओहम, आणि स्क्रीनचा बायपास कपॅसिटर थेट सॉकेटच्या पिनवर, पाय शक्य तितके आखूड. ग्रिडचं वायरिंग चेसिसच्या खाली, प्लेटचं वर. हे पाळलं नाही तर बोलणं बंद असतानाही करंट उगाच वरखाली नाचेल आणि तुम्ही बायसला दोष देत बसाल.

आउटपुटला पाय (π) नेटवर्क, म्हणजे दोन कपॅसिटर आणि मध्ये कॉइल. ६४० व्होल्ट आणि १४० मिलिअॅम्पिअर धरले तर प्लेट लोड साधारण २९०० ओहम येतो. क्यू (सर्किटची निवडक्षमता) १२ ठेवून ४० मीटरच्या बँडवर प्लेटकडचा कपॅसिटर ९३ पिकोफॅरड, कॉइल ६ मायक्रोहेन्री आणि अँटेनाकडचा ५५० पिकोफॅरड. अँटेनाकडे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा गँग कपॅसिटर दोन्ही भाग समांतर करून चालतो, तिथे व्होल्टेज कमी असतं. प्लेटकडे पानांमध्ये जास्त अंतर असलेलाच हवा. आणि अँटेना सॉकेटवर, आतल्या बाजूने, जमिनीला अडीच मिलिहेन्रीचा चोक विसरू नका. डीसी अडवणारा कपॅसिटर कधी शॉर्ट झाला तर या चोकमुळे फ्यूज उडेल. चोक नसेल तर सातशे व्होल्ट गच्चीवरच्या तारेवर जाऊन बसतील. हार्मोनिकसाठी पुढे एक लो-पास फिल्टर लावा, शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहतात.

एवढं करून मिळतं काय? सुमारे ५० वॉट. दहाच्या पाचपट, म्हणजे ७ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर एका एस-युनिटहून किंचित जास्त. डायपोल अँटेना आठ फुटांवर लोंबत असेल तर तो वर न्यायला खर्च कमी येईल आणि ऐकूही जास्त येईल. पण तुम्ही वॉटसाठी विचारलेलं नाही असं मी धरतो. व्हॉल्व्ह तापताना बघायचे असतात, ते समजू शकतो.

पहिल्यांदा सुरू करताना १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब मेन्सच्या सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आधी व्हॉल्व्हशिवाय, मग फक्त हीटर. जुन्या बाजारातले व्हॉल्व्ह दशकानुदशकं पडून असतात, काचेतून थोडी हवा झिरपलेली असू शकते. फक्त हीटरवर सात-आठ तास ठेवा, मग कमी व्होल्टेजवर, मग पूर्ण. आत आरशासारखा चंदेरी डाग असतो तो गेटर. तो पांढरा पडला असेल तर व्हॉल्व्ह मेला, सुरूही करू नका. चालू असताना काचेच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. पण प्लेट आणि कॅथोडच्या मधली जागा गुलाबी-जांभळ्या धुक्याने भरली तर आत गॅस आहे, ताबडतोब बंद. ८०७ ची प्लेट कधीही लाल दिसता कामा नये. कुणी सांगेल की ३-५००झेड तर लाल करूनच चालवतात. ते खरं आहे, पण त्याच्या प्लेटवरचा लेपच गेटरचं काम करतो आणि त्याला ती उष्णता लागते. ८०७ चं तसं नाही.

ट्यूनिंग डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर), दहा सेकंदांच्या आत. प्लेटकडचा कपॅसिटर फिरवून करंटचा डिप (सगळ्यात कमी करंट), अँटेनाकडचा फिरवून पॉवर, पुन्हा डिप. मग थांबा, व्हॉल्व्हला श्वास घेऊ द्या.

देखभालीत आपल्याकडचे दोन शत्रू म्हणजे धूळ आणि पावसाळा. हाय व्होल्टेज धूळ ओढून घेतं, तिला ओल लागली की तिच्यातूनच ठिणगी चालते. वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि दिवाळीत, आतून ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा नुसता हीटर तासभर लावून ठेवा. टोपीच्या क्लिपा, बँड स्विचचे कॉन्टॅक्ट आणि सॉकेटच्या पिना तेव्हाच बघा, काळं पडलेलं दिसलं की साफ. हीटरचं व्होल्टेज सॉकेटवर मोजा, ६.३ च्या पाच टक्के आत हवं. ऑक्साइड कॅथोडला कमी व्होल्टेजवर ठेवून पूर्ण करंट ओढलात तर तो लवकर दगावतो. लिनियर वर्षभर बंद असेल तर एकदम २३० देऊ नका. व्हॅरिअॅक (व्होल्टेज कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर तासाभरात हळूहळू चढवा म्हणजे इलेक्ट्रोलिटिक पुन्हा तयार होतात. नसेल तर परत तोच सिरीज बल्ब.

८१३ कपाटात का, ते राहिलं. त्याच्या फिलामेंटला १० व्होल्ट ५ अॅम्पिअर लागतात, प्लेटला २००० व्होल्ट, आणि ग्राउंडेड ग्रिडमध्ये (ग्रिड जमिनीला जोडून) चालवायचा तर ड्राइव्हच ३०-४० वॉट हवा. तुमचा दहा वॉटचा रिग तिथे कमी पडतो. शिवाय २००० व्होल्ट आणि १८० मिलिअॅम्पिअरला लोड सात हजार ओहमच्या जवळ जातो. क्यू १२ ने १० मीटरवर कपॅसिटर १० पिकोफॅरड येतो, आणि ८१३ ची स्वतःची आउटपुट कपॅसिटी १४ आहे. म्हणजे तो बँड नीट बसतच नाही. ८० ते २० मीटरला मात्र तो राजा आहे, सव्वादोनशे वॉट आरामात देतो. आणि हे ८०७ चे ५० वॉट त्याच्या ड्राइव्हला नेमके पुरतात. फक्त त्या २००० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बांधायला टाकण्याआधी या लिनियरवर एक पावसाळा काढा.