सोफ्यापासून भिंत नऊ फूट आहे. ४३ इंची स्मार्ट टीव्ही पुरेल की ५५ घ्यावा? क्यूएलईडी की ओएलईडी? आणि सगळ्यात ‘स्मार्ट’ कोणता?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच मी एकदा फसलोय.

आधीचा टीव्ही मी त्यातली ॲप्स बघून घेतला होता. पहिलं वर्ष मजेत गेलं. चौथ्या वर्षी अशी गत झाली की आवाज वाढवायचं बटण दाबलं तर काहीच व्हायचं नाही, म्हणून आणखी दोनदा दाबायचो, आणि मग तिन्ही वेळचा आवाज एकदम अंगावर यायचा. पुढे एकेक ॲप ‘या उपकरणावर आता चालणार नाही’ असं सांगू लागलं. कंपनीकडून अपडेट येणं कधीच थांबलं होतं. पडदा मात्र ठणठणीत! शेवटी मागच्या एचडीएमआय पोर्टला एक स्ट्रीमिंग स्टिक (ॲप्स चालवणारी छोटी कांडी) लावली आणि तोच टीव्ही पुन्हा पळायला लागला.

तेव्हापासून माझा हिशोब सरळ आहे. पडदा नीट वापरला तर आठ-दहा वर्षं सहज जातो, आतला स्मार्टपणा त्याच्या निम्म्या वेळात म्हातारा होतो. बऱ्याच टीव्हींमध्ये दीड-दोन जीबी रॅम आणि आठ जीबी स्टोरेज असतं, आणि त्यातलं बरंचसं स्टोरेज सिस्टीमच खाऊन बसते. त्यामुळे पैसे पडद्यावर घाला. आतली सिस्टीम गूगल टीव्ही, वेबओएस, टायझन यांपैकी कुठलीही असली तरी माझी हरकत नाही, कारण ती गोष्ट पुढे स्टिक लावून बदलता येते. पडदा बदलता येत नाही. फक्त तुमच्या नेहमीच्या ॲपची त्या मॉडेलला अधिकृत मान्यता आहे ना, एवढं बघा. ती नसली की ॲप उघडतं, पण चित्र ४८०पी वरच, म्हणजे धूसर दर्जावरच, अडकतं आणि आपण इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतो.

आता आकार. ५५ इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं माप. प्रत्यक्षात पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६९ उंच. ४३ इंचीचा ९५ बाय ५४. वर्तमानपत्रं चिकटवून या मापाचे दोन आयत करा, आलटून पालटून भिंतीवर लावा आणि रोजच्या जागी बसून बघा. आम्ही हे केलं. पहिल्या संध्याकाळी आई म्हणाली, “केवढा हा! भिंतच खाल्ली.” तिसऱ्या दिवशी तो कागद तिथे आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. डोळा मोठ्या पडद्याला फार लवकर सरावतो, लहान पडद्याची खंत मात्र वर्षानुवर्षं राहते.

आकडेमोड हवी असेल तर एक जुना ठोकताळा आहे: पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा. त्यासाठी बसायचं अंतर भागिले १.६ केलं की पडद्याचं तिरपं माप मिळतं. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर, म्हणजे उत्तर १७१ सेंटिमीटर, साधारण ६७ इंच. तेव्हा तुम्हाला ५५ मोठा होणार नाही. ४३ इंचीवर नऊ फुटांवरून सबटायटल वाचताना घरातली वडीलधारी मंडळी पुढे सरकून बसतील.

याच अंतरामुळे ‘फोर के’ शब्दाला भुलू नका. फोर केमध्ये जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीत सुमारे २१ लाख. पण निरोगी डोळ्यालाही ५५ इंची पडद्यावर हा फरक नीट कळतो तो साधारण सव्वादोन मीटरच्या आत बसल्यावर, ४३ इंचीवर तर पावणेदोन मीटरच्या आत. नऊ फुटांवर बसून तुम्ही ते ठिपके मोजणार नाही आहात. ५५ इंचीत हल्ली बहुतेक सगळे फोर केच असतात, त्यामुळे हा मुद्दा इथेच सोडू.

क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावं भावा-भावांसारखी वाटतात, पण घराणी वेगळी आहेत. क्यूएलईडी हा एलसीडीच: मागे एलईडीचा उजेड, मध्ये रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा असला की चक्क विझतो. रात्री दिवे घालवून सिनेमे बघणाऱ्याने ओएलईडी एकदा पाहिला की संपलं. पण खोलीत दुपारचं ऊन येत असेल, किंवा दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लागत असेल, तर मी चांगला क्यूएलईडी घेईन. वर्षानुवर्षं एकाच जागी राहणाऱ्या लोगोची आणि खालच्या पट्टीची छाप ओएलईडीवर कायमची उमटू शकते.

एलसीडीतही दोन पोटजाती आहेत. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएसचं याच्या बरोबर उलट. तुमच्याकडे सगळे समोरच्या सोफ्यावर बसतात की कुणी कोपऱ्यातल्या खुर्चीतून बघतं, यावर निवड ठरते. दुकानात थेट कडेला जाऊन उभे राहा, दोन मिनिटांत कळेल.

दुकानात आणखी एक करा. तिथे टीव्ही डोळे दिपतील अशा डेमो मोडवर असतात आणि त्यावर फुलं, पोपट, समुद्रकिनारे चालू असतात. त्यात वाईट टीव्हीही देखणा दिसतो. मोड बदलायला लावा आणि पेन ड्राइव्हवर स्वतःचा एखादा अंधारा व्हिडिओ न्या. मी काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सरकणारा एक व्हिडिओ नेला होता. एका टीव्हीवर अक्षरांभोवती धुक्यासारखा उजेड पसरला, शेजारच्यावर नाही. दोन्ही खोक्यांवर ‘एचडीआर’ (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) मात्र तितक्याच दिमाखात छापलेलं. त्या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की टीव्हीला तो सिग्नल समजतो. तो दाखवण्याइतका उजेड त्याच्याकडे आहे का, हा वेगळा प्रश्न. निट्सचा, म्हणजे पडद्याच्या उजेडाच्या मापाचा, आकडा ३००च्या आसपास असेल तर एचडीआर विसरा.

आवाजाबद्दल थोडक्यात: पडदे पातळ झाल्यापासून स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसलेत. आज ना उद्या साउंडबार घ्याल, म्हणून किमान तीन एचडीएमआय पोर्ट आणि त्यातला एक ईएआरसी (साउंडबारकडे आवाज पाठवणारा) असलेला बघा.

घरी आणल्यावर सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बंद करा. एक, तुम्ही काय बघता ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय. ती वेगवेगळ्या गोंडस नावांनी प्रायव्हसीच्या पानावर लपलेली असते. अमेरिकेत २०१७ साली परवानगीशिवाय अशी माहिती गोळा केल्याबद्दल व्हिझिओ कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले होते, तेव्हा हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. दुसरी, मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसडतो आणि मोठा सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. आमच्या बाबांना मात्र नेमकं तेच आवडतं, त्यामुळे ते सेटिंग आमच्याकडे रोज बदलतं. संध्याकाळी ते चालू करतात, रात्री मी बंद करतो.